अमेरिकन लक्झरी गाडी: नवी कोरी घ्यावी की वापरलेली?

ट्रॉयकर | ९ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. मिशिगनला येऊन आम्हाला १७ वर्षं झाली. गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या एका सप्लायर कंपनीत मी काम करतो. म्हणजे घर चालतं डेट्रॉइटच्या गाड्यांवर, आणि दारात उभी आहे १४ वर्षांची जपानी सेडान, १ लाख ९२ हजार मैल झालेली. तिने कधी दगा दिला नाही. पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचा तळ खाल्लाय. मेमध्ये ब्रेकच्या नळ्या बदलताना मेकॅनिक म्हणाला, आता पुढचा हिवाळा हिच्यावर काढू नका.

ज्या गावचं मीठ खाल्लं त्या गावची गाडी एकदा तरी दारात असावी, आणि घ्यायचीच तर मनासारखी घ्यावी, असं आम्हा दोघांनाही वाटतं. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, नवी कॅडिलॅक एक्सटी५. सप्लायरची सवलत धरून ५५ हजार डॉलरच्या आसपास. दुसरा, २०२० ची लिंकन कॉन्टिनेंटल, म्हणजे शेवटच्या वर्षाची. ४०-५० हजार मैल झालेल्या गाड्या २८ ते ३० हजारांत दिसताहेत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि खरं तर तीच मोठी आहे. ऑक्टोबरात आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतेय. वय ७६, दोन्ही गुडघे गेलेले, ऑपरेशन नको म्हणते. गेल्या खेपेला एका मित्राच्या उंच एसयूव्हीत आम्ही दोघांनी तिला काखेत धरून वर घेतलं. तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्यानंतर देवळात चल म्हटलं की "आज नको, उद्या बघू" सुरू झालं. या वेळी तिला आपल्या पायांनी गाडीत बसता आलं पाहिजे.

ज्यांनी अशा गाड्या घेतल्यात त्यांनी मोकळेपणाने लिहा.

शुभा_नोव्ही | ९ ऑगस्ट

नवी घ्या! चार वर्षं किंवा ५० हजार मैल पूर्ण वॉरंटी, इंजिन-गिअरबॉक्सला सहा वर्षं किंवा ७० हजार मैल. डोक्याला ताप नाही. १७ वर्षं काटकसर केलीत ना, आता करा की हौस.

जुनाजाणता | ९ ऑगस्ट

ट्रॉयकर, तुमची मिठाची ओळ वाचून बरं वाटलं. मी १९७९ साली या भागात आलो, आता निवृत्त आहे. या ४६ वर्षांत घरात नऊ गाड्या झाल्या. त्यातल्या दोनच नव्या घेतल्या आणि दोन्ही वेळा पैशाच्या बाबतीत चूक केली असं वाटलं.

तुम्ही ज्या दोन नावांमध्ये अडकला आहात ती मुळात एकाच माणसाची लेकरं आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? हेन्री लेलँड. १९०२ साली त्यांनी डेट्रॉइटमध्ये कॅडिलॅक उभी केली आणि १९०९ साली ती जनरल मोटर्सकडे गेली. पुढे तिथून बाहेर पडून १९१७ साली याच लेलँडनी लिंकन काढली, ती १९२२ साली फोर्डने घेतली. कॅडिलॅक हे नावसुद्धा १७०१ साली डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच माणसाचं. हँडल मारून गाडी सुरू करायचे दिवस संपले तेही १९१२ च्या कॅडिलॅकमुळे; विजेचा स्टार्टर तिच्यात आला. तेव्हा यांतली कुठलीही घेतलीत तरी गाडी गावचीच.

आता मुद्द्यावर येतो. अमेरिकन लक्झरी सेडानची किंमत फार लवकर उतरते. गाडी तीच, चामडं तेच, इंजिन तेच, पण पहिल्या मालकाच्या खिशातून पहिल्या तीन-चार वर्षांत जे जातं ते पुढच्या मालकाला भरावं लागत नाही. जपानी गाडी जुनी घेण्यात फारसं वाचत नाही, कारण तिची किंमत टिकते. इथे उलटं आहे. जी गोष्ट विकणाऱ्याला बोचते तीच घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते. माझं मत: वापरलेली घ्या, पण लीजवरून (ठरावीक वर्षांच्या भाडेकरारावरून) परत आलेली, एकाच मालकाची आणि सगळे सर्व्हिसचे कागद असलेली.

चिंगी_ऑन_आर्बर | १० ऑगस्ट

"ज्या गावचं मीठ खाल्लं" 😄 मीठ तुम्हीही खाल्लंत आणि गाडीनेही! तिला मात्र सोसलं नाही.

डॉलरमोजणी | १० ऑगस्ट

भावना बाजूला ठेवून जरा आकडे बघू.

मिशिगनचा विक्रीकर ६ टक्के. ५५ हजारांवर ३,३०० डॉलर, २९ हजारांवर १,७४०. कुणा माणसाकडून थेट घेतलीत तरी हे ६ टक्के सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे गाडी नावावर करायच्या कचेरीच्या, खिडकीवर भरावेच लागतात, तेव्हा डीलर टाळला म्हणून कर टळत नाही.

नंबरप्लेटची फी हा अनेकांना नंतर कळणारा खर्च. आपल्याकडे ती गाडी नवी असतानाच्या मूळ किमतीवर ठरते. पहिल्या तीन नूतनीकरणांना दर वेळी १० टक्के कमी होते आणि मग तिथेच थांबते. म्हणजे कॉन्टिनेंटल तुम्ही अर्ध्या किमतीत घेतलीत तरी प्लेट महागड्या गाडीचीच भरायची. वर्षाकाठी फार मोठी रक्कम नाही, पण धरून चाला.

नव्याच्या बाजूने एक ताजा मुद्दा आहे. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १० हजार डॉलरपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं. अट अशी की गाडी नवी हवी आणि तिची शेवटची जुळणी अमेरिकेत झालेली हवी. एकट्याचं उत्पन्न १ लाखाच्या किंवा नवरा-बायकोचं मिळून २ लाखांच्या वर गेलं की ही वजावट घटत जाते. वापरलेल्या गाडीला आणि लीजला ती नाही.

गाडी कुठे बनली ते १७ अक्षरांच्या विन नंबरवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, कळतं. पहिलं अक्षर १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, आणि एल असेल तर चीन. एक्सटी५ टेनेसीतल्या स्प्रिंग हिलची, म्हणजे चालेल. नवी लिंकन नॉटिलस मात्र २०२४ च्या मॉडेलपासून चीनमधल्या हांगझोहून येते आणि ब्युइक एन्व्हिजनही चीनमधूनच.

लेक्ससवाला | १० ऑगस्ट

सगळ्यांचा मान राखून लिहितो. हे सगळं कशासाठी? जपानी लेक्सस इएस घ्या आणि दहा वर्षं विसरून जा. तुमच्या आधीच्या जपानी गाडीने १ लाख ९२ हजार मैल दिलेच की. लक्झरी म्हणजे चामडं आणि लाकूड नाही. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होणं ही खरी लक्झरी.

चिंगी_ऑन_आर्बर | १० ऑगस्ट

@लेक्ससवाला, धाग्याचं नाव पुन्हा एकदा वाचा बघू.

जुनाजाणता | १० ऑगस्ट

लेक्ससवाल्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. टिकाऊपणात त्या गाडीचा हात धरणं कठीण. आणि "अमेरिकन" कशाला म्हणायचं हाही प्रश्न सोपा राहिलेला नाही. इएस काही वर्षं केंटकीतल्या जॉर्जटाउनला बनत होती, आणि डॉलरमोजणींनी सांगितलं तशी नॉटिलस चीनहून येते. ट्रॉयकरांना गावची गाडी हवी असेल तर बिल्ला बघून भागणार नाही, कारखाना बघावा लागेल. कॉन्टिनेंटल फ्लॅट रॉकला बनली, ट्रॉयहून तासाभराच्या आत. कॅडिलॅक सीटी५ आजही लॅन्सिंगला बनते.

लेक्ससवाला | ११ ऑगस्ट

मान्य, जॉर्जटाउनचा मुद्दा माझ्याच बाजूचा निघाला 🙂 पण खरंच, फ्लॅट रॉकची माणसं तुमच्याच गल्लीत राहत असतील तर गोष्ट वेगळी. ते मला कळतं.

गॅरेजमामा | ११ ऑगस्ट

कोलंबस, ओहायो. पेशाने मी मेकॅनिक नाही, पण गेली १२ वर्षं दर शनिवारी गाडीखाली असतो. वापरलेली घेणार असाल तर हे नीट वाचा.

कॉन्टिनेंटल घेताना इंजिन कुठलं ते आधी विचारा. २.७ किंवा ३.० लिटरची ट्विन टर्बो घ्या, ३.७ टाळा. ३.७ चा वॉटर पंप इंजिनच्या पोटात बसवलाय आणि टायमिंग चेनवर फिरतो. बाहेर असलेला पंप गळला तर जमिनीवर डाग दिसतो, तुम्ही बदलून टाकता. हा गळला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) थेट इंजिन ऑइलमध्ये जाऊ शकतं, आणि बदलायचा तर पुढचं सगळं उघडावं लागतं. पंपाची किंमत किरकोळ, मजुरी भलीमोठी.

टर्बो इंजिनाला मात्र ऑइल वेळेवर हवंच. सर्व्हिसच्या नोंदी मागा. "डीलरकडेच व्हायची सगळी" असं तोंडी सांगणाऱ्याला विचारा, मग कागद कुठे आहेत?

कॅडिलॅककडे वळलात तर सस्पेन्शन बघा. काही गाड्यांमध्ये मॅग्नेटिक राइड असतं, ते पहिल्यांदा २००२ च्या सेव्हिल एसटीएसमध्ये आलं. शॉकअॅब्सॉर्बरच्या तेलात लोखंडाचे अगदी बारीक कण असतात; विजेने चुंबकत्व वाढवलं की तेल क्षणात घट्ट होतं आणि खड्डा पोटात जाणवत नाही. चालवायला स्वर्ग आहे. पण चारही शॉक बदलायची पाळी आली तर साध्या गाडीच्या कितीतरी पट बिल येतं. म्हणून ६०-७० हजार मैल झालेली घेत असाल तर शॉकवर तेलाचे ओघळ आहेत का ते टॉर्च लावून बघा.

आणखी एक. नव्वदच्या दशकातल्या नॉर्थस्टार इंजिनच्या कॅडिलॅक दोन-अडीच हजारांत दिसतात आणि मोह होतो. त्यांच्या हेड बोल्टचे आटे ब्लॉकमधून सुटायचे, हे जुन्या मेकॅनिकांना विचारा. हात लावू नका.

आणि मिशिगनची गाडी असेल तर लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. वरून पॉलिश केलेली गाडी खालून कशी आहे ते तिथेच कळतं. ब्रेकच्या नळ्या, मागच्या सबफ्रेमचे (चाकांच्या वरच्या लोखंडी चौकटीचे) कोपरे, जॅक लावायची जागा, एवढं तरी बघाच. १५०-२०० डॉलर देऊन तिऱ्हाईत मेकॅनिककडून तपासून घ्या. डीलर "नको" म्हणाला तर तिथून उठा.

ट्रॉयकर | ११ ऑगस्ट

गॅरेजमामा, हे छापून काढतोय. ३.७ ची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, आणि मी बघितलेल्या तीन गाड्यांपैकी एक तीच आहे.

कॅन्टनची_काकू | ११ ऑगस्ट

जुनी गाडी म्हणजे कटकट आणि नवी म्हणजे निश्चिंती, हे इतकं सरळ नाही हो. आमचा अनुभव सांगते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

आम्ही नवी कोरी मोठी एसयूव्ही घेतली. कागदी चटया टाकलेल्या, वासही नवा. तिसऱ्या आठवड्यात मधली मोठी स्क्रीन काळी पडली. नुसती स्क्रीन नव्हे हो, एसीची बटणं त्याच स्क्रीनमध्ये, मागचा कॅमेराही त्याच स्क्रीनमध्ये. जानेवारीचा महिना, काच धुक्याने भरलेली, आणि मला हीटरचा झोत काचेवर वळवता येईना. नातीला शाळेतून आणायचं होतं. हातरुमालाने काच पुसत पुसत अकरा मैल आले. ते अकरा मैल मी विसरणार नाही.

चार वेळा वर्कशॉपला नेली. एकदा सॉफ्टवेअर, एकदा वायर, एकदा पूर्ण स्क्रीन, एकदा "आम्हाला काही सापडलं नाही". शेवटी लेमन लॉचा आधार घेतला. मिशिगनमध्ये एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती होऊनही तो राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये अडकून पडली, तर कंपनीकडे गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. आम्हाला पैसे मिळाले, पण सात महिने गेले. मिळाले ते केवळ आमच्या यांनी प्रत्येक वेळची वर्कऑर्डर तारखेसकट फाइलला लावली होती म्हणून.

नवी घेणाऱ्यांनो, गाडी सोडून येताना हातात कागद घेतल्याशिवाय निघू नका. आणि जुनी घेणाऱ्यांनो, हा कायदा नव्या गाड्यांसाठी आहे. वापरलेल्या गाडीच्या काचेवर डीलरला एक छापील फॉर्म लावावा लागतो. "अॅज इज" या चौकटीत खूण असेल तर गेटबाहेर आलात की गाडी आणि तिचे सगळे दोष तुमचे.

शुभा_नोव्ही | १२ ऑगस्ट

काकू, वाचून अंगावर काटा आला. मी वर फार घाईने लिहिलं. स्क्रीनचं बरोबर आहे, आता सगळंच तिच्यात असतं. ट्रॉयकर, टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा डोळे रस्त्यावर ठेवून काच गरम करायचं बटण सापडतं का ते बघाच.

ह्यूस्टनचा_बाळू | १२ ऑगस्ट

वापरलेली घेणाऱ्यांसाठी टेक्सासहून एक सूचना. २०१७ च्या हार्वे वादळानंतर इथे डोळ्यांदेखत गाड्या छतापर्यंत बुडालेल्या पाहिल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात विकल्या जातात आणि महागड्या गाड्यांमध्ये ही फसवणूक जास्त परवडते. कारफॅक्स (गाडीचा इतिहास सांगणारा अहवाल) बघा, एनआयसीबी या विमा-गुन्हे तपासणाऱ्या संस्थेच्या साइटवर विन फुकट तपासता येतो तोही बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका.

मी काय करतो सांगतो. सीट बेल्ट पूर्ण टोकापर्यंत बाहेर ओढतो. बेल्टचा शेवटचा हातभर भाग कधी कुणी बाहेर काढत नाही, त्यामुळे साफही करत नाही. तिथे आडवी मातकट रेघ दिसली की गाडी बुडलेली आहे. मग डिकीतला गालिचा उचलून सुट्या चाकाच्या खड्ड्यात हात फिरवतो. वाळू लागली तर नमस्कार करून निघतो. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसायचं, एसी न लावता. ओल्या गोणपाटासारखा वास लपत नाही.

शिवडीचा_नातू | १२ ऑगस्ट

थोडं अवांतर. मी पुण्यात असतो, या गाड्या घेण्याचा प्रश्नच नाही, पण धागा रोज वाचतोय. माझे आजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. मुंबईत १९२८ साली कंपनीने गाड्यांची जुळणी सुरू केली होती, १९५४ साली बंद केली. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. त्या खोक्यांच्या फळ्यांचं आजोबांनी केलेलं देवघर आमच्याकडे अजून आहे. आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरांचा पुसट शिक्का दिसतो.

एक भाबडा प्रश्न: तिकडची अशी वापरलेली गाडी भारतात आणता येते का?

डॉलरमोजणी | १२ ऑगस्ट

नातू, देवघराचा फोटो टाका की!

वापरलेली गाडी भारतात न्यायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजव्या हाताला हवं. इथल्या गाडीचं डावीकडे, त्यामुळे तिथेच विषय संपतो. तिकडे अमेरिकन बिल्ल्याची मोठी गाडी हवीच तर जीप ग्रँड चेरोकी तुमच्या रांजणगावलाच जुळवली जाते.

एडिसनचा_सारथी | १३ ऑगस्ट

न्यूजर्सीहून. मी नऊ वर्षं विमानतळाच्या भाड्यांसाठी लिंकन टाउन कार चालवली. नवी नव्हे, पाच वर्षं वापरलेली घेतली होती. माझ्या हातात २ लाख ८० हजार मैल झाली. ४.६ लिटर व्ही८, खाली ट्रकसारखी वेगळी चौकट, मागे बसणारा माणूस नेवार्कहून निघाला की पुलापर्यंत झोपलेला असायचा. मागचं एअर सस्पेन्शन वय झालं की बसतं, तेव्हा साध्या कॉइल स्प्रिंग टाकून घेतल्या आणि पुढे चाललो. २०११ साली ती गाडी बंद झाली त्या दिवशी आमच्या स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर हळहळले.

ट्रॉयकर, तुमच्या आईंबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो. म्हाताऱ्या माणसांना नऊ वर्षं बसवलं-उतरवलं आहे. त्यांना कधी पाय आधी टाकू द्यायचा नाही. दार पूर्ण उघडायचं, पाठ सीटकडे करायची, मागे रेलून आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. सीटवर प्लॅस्टिकची गुळगुळीत पिशवी अंथरली की फिरणं सोपं जातं. बसून झालं की पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक मारल्यावर माणूस पुढे घसरतो. यासाठी सीट गुडघ्याच्या थोडी वर लागते. फार खाली असेल तर माणूस धपकन पडतो, फार वर असेल तर बसताच येत नाही. गाडी ठरवण्याआधी हे मोजा. माझ्या मते नवी-जुनी नंतर.

शिकागोची_मैना | १३ ऑगस्ट

कुणी लीजचं बोललंच नाही! आम्ही कॅडिलॅक लिरिक लीजवर घेतली, इलेक्ट्रिक. लीजच्या वाटेने ७,५०० डॉलरची सरकारी सवलत हप्त्यात मिळाली; ती फक्त ३० सप्टेंबर २०२५ पर्यंतच. बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख मैल वॉरंटी असते, तरी किंमत किती उतरेल याचा घोर कंपनीला, मला नाही. तीन वर्षांनी किल्ली परत.

जुनाजाणता | १३ ऑगस्ट

मैनाताई, ज्यांना दर तीन वर्षांनी नवी हवी त्यांना लीज ठीक. ट्रॉयकर एक गाडी १४ वर्षं ठेवणारे गृहस्थ आहेत, त्यांचा तो पिंड दिसत नाही.

मोठीगाडी | १४ ऑगस्ट

कॅडिलॅकच्या एस्कलेड एसयूव्हीचा विचार केला का? दोन-तीन वर्षं जुनी. तिच्यापुढे बाकी सगळ्या खेळण्यातल्या वाटतात.

गॅरेजमामा | १४ ऑगस्ट

मोठीगाडी, त्यांना आईला शिडी लावावी लागेल! आणि २०२१ ते २०२४ च्या ६.२ लिटर व्ही८ वर या एप्रिलमध्ये मोठा रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालाय, सगळ्या गाड्या मिळून अमेरिकेत ६ लाखांच्या घरात. इंजिनाच्या आतल्या क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचा दोष. तपासणीत नापास झालेल्यांना नवं इंजिन, पास झालेल्यांना ०डब्ल्यू-२० च्या जागी जाड ०डब्ल्यू-४० ऑइल. वापरलेली घ्यायचीच झाली तर विन टाकून एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉलचं काम झालंय का ते बघा. हे कुठल्याही गाडीसाठी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि हो, सगळ्यांसाठी: दोन किल्ल्या मागून घ्या. एकच असेल तर दुसरीचे पैसे किमतीतून कापून घ्या, या किल्ल्या फार महाग असतात.

ट्रॉयकर | १७ ऑगस्ट

सारथीदादा, तुमचा प्रतिसाद बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. सीटचं काम मी १७ वर्षं करतोय, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

लगेच सांगलीला व्हिडिओ कॉल केला. बहिणीने शिवणाची टेप आणली, आईला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत मोजलं: साडेसतरा इंच. आई विचारत होती, "ब्लाउजचं माप आहे का कसलं?" काल मी तेवढ्या उंचीवर काठीला लाल पट्टी चिकटवली आणि काठी घेऊन दोन्ही डीलरांकडे गेलो. तिथला विक्रेता आधी गोंधळला, कारण कळल्यावर स्वतःच जमिनीवर बसून काठी धरायला लागला. त्याच्याही आईचे गुडघे गेलेत म्हणाला.

एक्सटी५ फार सुंदर आहे, आतलं काम बघत राहावं असं. पण सीट पट्टीच्या खूपच वर. आईच्या मांडीच्या मध्याशी येईल. कॉन्टिनेंटलची पुढची सीट बटणाने पूर्ण वर घेतली की पट्टीच्या तीन-चार बोटं वर थांबते. तिच्या दारांना ओढायचा खटका नाही. आतून एक बटण दाबायचं, दार सुटतं. लावताना नुसतं टेकवलं की उरलेलं ते स्वतः ओढून घेतं. आईच्या बोटांनाही संधिवात आहे.

कॅन्टनची_काकू | १७ ऑगस्ट

मग आता कसला विचार करताय?

ट्रॉयकर | २ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतोय, कारण इतक्या जणांनी मनापासून लिहिलं आणि मी गायब झालो. आई आली, दिवाळी झाली, वेळच मिळाला नाही.

वापरलेलीच घेतली. २०२० ची कॉन्टिनेंटल, २.७ ट्विन टर्बो, गडद निळी, लीजवरून आलेली, ४३ हजार मैल, २८,४०० डॉलर. पहिली पसंत केली होती ती सोडावी लागली. गॅरेजमामांच्या सांगण्यावरून लिफ्टवर चढवली तर मागच्या सबफ्रेमचा कोपरा बोटाने दाबल्यावर खपली निघाली. वरून नव्यासारखी दिसत होती. ही दुसरी खालूनही स्वच्छ निघाली. सीट बेल्ट ओढले, डिकीत हात फिरवला, विन दोन्हीकडे तपासला. इंजिनाची वॉरंटी अजून काही महिने शिल्लक आहे. उरलेल्या २६ हजारांतले पाच हजार दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाकून ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय.

डॉलरमोजणी, प्लेटची फी तुम्ही सांगितली तशीच निघाली. विमा मात्र अंदाजापेक्षा कमी आला.

आई दारापाशी उभी राहिली, पाठ वळवली, बसली, पाय फिरवले. पहिल्या दिवशी मी हात पुढे केला तर म्हणाली, "तू हो बाजूला." लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने स्वतःच विचारलं, देवळात किती वाजता निघायचं. जुनाजाणता, फ्लॅट रॉकचा कारखाना बाहेरून दाखवायलाही नेलं होतं तिला. बराच वेळ बघत होती.

गॅरेजमामा | २ नोव्हेंबर

फार छान! आता ऑइल पाच हजार मैलांना, त्याहून पुढे नेऊ नका. आणि दुसरी किल्ली मिळाली का?

ट्रॉयकर | ३ नोव्हेंबर

मिळाली. एक माझ्याकडे, दुसरी आईच्या पर्समध्ये असते. किल्ली जवळ आली की गाडीचे दिवे आपोआप लागतात आणि दाराखाली जमिनीवर उजेड पडतो. संध्याकाळी शाल घेऊन ती एकटीच ड्राइव्हवेवर जाते, गाडी उजळली की जरा वेळ उभी राहते आणि परत येते.